हंडा मोर्चा, मुक्काम पार्सिपनी

इंग्रजी बोलायची वेळ आली की सुमित्राबाईंची दातखीळ बसायची. वाचता छान यायचं, बरं का. बाई जुन्या बी.ए. औषधांच्या बाटल्या, नातीच्या शाळेतून येणारी पत्रं, सगळं घडाघडा वाचायच्या. पण समोरच्याने तोंड उघडून काही विचारलं की ह्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडायचा, येस. तोही दोनदा. एकदा औषधांच्या दुकानातल्या मुलीने काहीतरी विचारलं, ह्या ‘येस येस’ म्हणाल्या आणि दंडावर फ्लूची लस टोचून घेऊन घरी आल्या. मुलगा परीक्षित हसून हसून बेजार झाला. त्यांना काही हसू आलं नाही, कारण त्या खरंच घाबरल्या होत्या.

अमेरिकेत, पार्सिपनीला मुलाकडे येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. नवरा, एकनाथराव, गेले. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं घर विकलं. आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी बाई दोन बॅगा घेऊन इथे आल्या. ग्रीन कार्ड होतं. तरी भारतातून परत येताना दर वेळी एअरपोर्टवरच्या खिडकीसमोर त्या पासपोर्ट दोन-दोनदा उघडून बघायच्या. गेल्या वर्षी बहिणीच्या आजारपणात पाच महिने राहून आल्या, तर खिडकीतल्या माणसाने त्यांना बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. दोन तास! तुम्ही इथे राहता की तिथे, असं काहीसं तो विचारत होता. ह्या म्हणाल्या, येस. परीक्षित बाहेर येरझाऱ्या घालून थकला. घरी आल्या आल्या त्याने जाहीर केलं, “आई, बास झालं. तुझी सिटिझनशिप करून टाकू. दर वेळी हा ताप नको.”

फॉर्म त्यानेच भरला. रविवारी दुपारी, लॅपटॉप मांडीवर, समोर टीव्हीवर क्रिकेट. आईचं नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर सगळं त्याला पाठ. पुढे पानंच्या पानं प्रश्न होते. तुम्ही कधी हे केलंत का, ते केलंत का, तुम्हाला कधी पोलिसांनी धरलं का. तो सरळ खाली नो, नो, नो करत गेला. आपल्याकडची सगळी पोरं आईबापांचे फॉर्म असेच भरतात. आईने काय केलं असणार आयुष्यात? पोळ्या लाटल्या असणार! पोरं इंजिनिअर झाली की त्यांना वाटतं, आईचं आयुष्य आपल्या बारशापासून सुरू झालं. आणि सुमित्राबाईही काही कमी नाहीत. मुलाने भरलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून चष्मासुद्धा न लावता त्यांनी सही ठोकली.

मग कळलं की मुलाखत असते. अधिकारी इंग्रजीत विचारणार, ह्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि मुलाला आत जाता येणार नाही. झालं, बाईंची झोप उडाली.

तेव्हा पलीकडच्या बिल्डिंगमधल्या शशिकांत काकांनी त्यांना गाडीत घातलं आणि लायब्ररीत मंगळवारी सकाळी भरणाऱ्या इंग्लिश संभाषणाच्या वर्गात नेऊन बसवलं. काका निवृत्त बँकवाले, पुण्याचे, सल्ला द्यायला सदैव तयार. ते स्वतःही त्याच वर्गात होते, पण आपण निव्वळ सोबत म्हणून जातो असं सांगायचे.

शिकवायला ज्ञानदा नावाची नागपूरची मुलगी होती. सत्तावीस वर्षांची, इथल्या युनिव्हर्सिटीत चित्रकलेच्या इतिहासावर पीएच.डी. करणारी. सुरुवातीला ती फळांची, बाजाराची, बागेची चित्रं दाखवायची. व्हॉट डू यू सी? लोक म्हणायचे, ॲपल. की पुन्हा सगळे गप्प. पंधरा माणसं आणि पंधरा मिनिटं शांतता, बिचारी रडकुंडीला यायची. मग एके दिवशी तिने आपल्या अभ्यासातलीच चित्रं आणली. परक्यांचं राज्य ज्यांच्या डोक्यावर होतं त्या लोकांनी, त्या राज्याविरुद्ध काढलेली चित्रं. कुठे शेतमजूर गोऱ्या मालकाच्या पुढ्यात हाताची घडी घालून बसलेत, कुठे बायकांनी रेल्वेचे रूळ अडवलेत. आणि काय सांगू, वर्गाला वाचा फुटली! फिलिपिन्सच्या बाईंच्या आजोबांना कुणीतरी कोंडलं होतं, केनियाच्या म्हाताऱ्याच्या गावची जमीन कुणीतरी घेतली होती, कोरियाच्या जोडप्यातल्या बाईंच्या आईला शाळेत आपली भाषा बोलायची बंदी होती. प्रत्येकाच्या घरात एक ना एक साहेब येऊन गेलेला. चुकीच्या इंग्रजीत का होईना, सगळे बोलायला लागले.

ज्ञानदाची पद्धत साधी होती. आधी चित्रात काय दिसतंय ते सांगायचं. मग चित्रातल्या कोणाला भीती वाटतेय ते सांगायचं. आणि शेवटी चित्रातलं एक माणूस निवडून त्याच्या तोंडून बोलायचं. ती स्वतः साहेब व्हायची आणि प्रश्न विचारायची. वर्ग सुटला की मात्र पोरगी चित्रं घाईघाईने गुंडाळून नळकांड्यात घालायची आणि दाराच्या काचेतून बाहेर बघायची. स्टुडंट व्हिसावरची मुलगी. हल्ली कुणाला काय खुपेल आणि कोण कुठे काय कळवेल, ह्याचा नेम नाही असं ती म्हणायची.

मुलाखतीला नऊ दिवस राहिले असताना ज्ञानदाने जंगल सत्याग्रहाचं चित्र आणलं. नऊवारीतल्या बायका, हातात विळे, सरकारने बंद केलेल्या रानातलं गवत कापताहेत. मागे पोलीस, घोड्यावर साहेब. ज्ञानदाने विचारलं, “ह्या बायकांना आता काय होईल?”

सुमित्राबाई चित्राकडे बघत राहिल्या. पुढच्या बाईच्या कमरेला खोचलेला पदर त्यांना ओळखीचा वाटला, आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, “पोलीस टेक देम. इन बिग व्हॅन. आय नो. पोलीस टेक मी आल्सो.”

वर्ग सावरून बसला. ज्ञानदा म्हणाली, “टेल अस.”

आणि बाईंनी सांगितलं! नाइन्टीन एटी सिक्स. नो रेन. वॉटर कम आफ्टर इलेव्हन डेज. आमच्या गल्लीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेवर गेलो. हंडे वाजवले. खुर्चीतला साहेब बाहेर येईना. इंग्रज गेला, खुर्ची तीच. आम्ही दारात बसलो, तर पोलिसांनी उचलून गाडीत घातलं आणि परेड ग्राउंडच्या शेडमध्ये दिवे लागेपर्यंत बसवून ठेवलं. नावं लिहून घेतली. मग चहा दिला आणि सोडलं. चार दिवसांनी पाणी आलं. हे सगळं बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून, हंडा कसा वाजवला ते टेबलावर वाजवून सांगितलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यांचे कान लाल झाले. सहा वर्षांत ह्या देशात त्या पहिल्यांदाच इतकं बोलल्या होत्या.

गाडीत बसल्यावर शशिकांत काकांनी किल्ली फिरवलीच नाही.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुमच्या फॉर्मवर ह्या पोलिसांच्या प्रकरणाचं काय लिहिलंय?”

“मला काय माहीत? परीक्षितने भरलाय.”

“अहो, त्यात प्रश्न असतो. कुठल्याही पोलिसाने कधीही अटक केली का, नुसतं अडकवून ठेवलं का. जगात कुठेही. आणि खाली सही असते की हे सगळं खरं आहे म्हणून.”

सुमित्राबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

संध्याकाळी परीक्षित ऑफिसातून आला, तसं त्यांनी विचारलं. त्याने बूटही काढले नव्हते. लॅपटॉप उघडला, प्रश्न वाचला आणि उभ्याचा खाली बसला.

“आई, तू हे मला कधी सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कधी?”

“असं कुणी आईला विचारतं का, की बाई तू कधी जेलमध्ये होतीस?”

“जेल नाही रे. शेड होती पत्र्याची.”

“तेच ते!” तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “सॉरी. पण आई, सध्या दिवस कसे आहेत माहितीये ना? खोटं लिहिलं म्हणतील. फॉर्म राहिला बाजूला, ग्रीन कार्डसुद्धा उकरून काढतील. लोकांना साध्या साध्या गोष्टींवरून परत पाठवतायत यार.”

परत पाठवतायत. कुठे परत? घर विकलं होतं. बहीण स्वतःच मुलीच्या दारी. सुमित्राबाईंच्या डोळ्यांसमोर त्या दोन बॅगा आल्या.

आणि ऐका, त्यांनी मुलाला अर्धंच सांगितलं होतं. वर्गातही अर्धंच. त्या दिवशी मोर्चात त्यांच्या डोक्यावर हंडा होता आणि कडेवर दोन वर्षांचा परीक्षित होता. घरी ठेवणार कुणाकडे? पोलिसांनी गाडीत घातलं ते दोघांना. हवालदाराने नावं लिहिताना विचारलं, पोराचं नाव काय, आणि तेही लिहून घेतलं. एकनाथराव सायकल मारत आले, पाटबंधारे खात्यातले कारकून, चेहरा पांढराफटक. सरकारी नोकरी. रस्त्यात एवढंच म्हणाले, “हे पुन्हा घरात कुणी काढायचं नाही.” कुणी काढलं नाही, एकोणचाळीस वर्षं. आता परीक्षित इथला सिटिझन होता, म्हणजे ह्याच प्रश्नासमोर त्यानेही कधीतरी नो लिहिलं असणार. आपण तोंड उघडलं तर आपलं जे व्हायचं ते होईल, पण पोराचेही कागद बाहेर निघतील, ही बाईंची खरी भीती होती. कायदा काय म्हणतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. भीतीला कायदा लागतो थोडाच!

पुढचे दिवस फार वाईट गेले. शशिकांत काका रोज फोन करून सांगायचे, “वहिनी, गप्प बसा. शहाऐंशी सालची तालुक्याची वही कुठल्या कॉम्प्युटरमध्ये असणारे? नो म्हणा आणि मोकळ्या व्हा.” परीक्षित एक दिवस म्हणायचा खरं सांग, दुसऱ्या दिवशी म्हणायचा नको सांगूस, तिसऱ्या दिवशी तारीख पुढे ढकलू म्हणायचा, आणि मग तारीख पुढे ढकलली तर संशय येईल म्हणून स्वतःच घाबरायचा. बाईंचं जेवण तुटलं. संध्याकाळी फिरायला गेल्या आणि पोलिसांची गाडी सावकाश शेजारून गेली, तर बाई एका अनोळखी घराच्या झाडाआड जाऊन उभ्या राहिल्या. सोबतच्या आठ वर्षांच्या आरोहीने, त्यांच्या नातीने, विचारलं, “आजी, आर यू हायडिंग?” त्या म्हणाल्या, येस.

शशिकांत काकांकडून सगळं कळल्यावर ज्ञानदाचा फोन आला. पोरगी रडत होती. “मावशी, माझ्यामुळे झालं. मीच तुम्हाला बोलायला लावलं.”

“तू नाही गं लावलंस. मीच बोलले.”

“मी आमच्या युनिव्हर्सिटीतल्या फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांना विचारलं. नाव नाही सांगितलं तुमचं. त्या म्हणाल्या, खरं सांगायचं, आणि त्यांनी पकडायची वाट बघायची नाही. प्रश्न आला की आपणहून सांगायचं की फॉर्मवर चूक झालीये, दुरुस्त करायचीये. अधिकारी दुरुस्त करू शकतात. पण मावशी, निकाल काय लागेल ते कुणीच सांगू शकत नाही म्हणाल्या.”

दोन दिवस ज्ञानदाने त्यांना लायब्ररीच्या रिकाम्या खोलीत बसवून तयारी करून घेतली. तेच चित्र समोर मांडलं. ती म्हणाली, “मावशी, उत्तरं पाठ करायची नाहीत. पाठ केलेलं भीतीने विसरतं. तुम्ही ह्या विळेवाल्या बाई. मी साहेब. मी विचारते, तुम्ही जे झालं ते सांगा.” साहेब झालेल्या ज्ञानदाने विचारलं, व्हाय वेअर यू देअर? बाईंनी सांगितलं. व्हॉट डिड यू डू? सांगितलं. मग साहेबाने विचारलं, हू वॉज विथ यू? आणि बाई गप्प झाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. ज्ञानदाने पुन्हा विचारलं, तरी गप्प. पोरीला वाटलं, शब्द आठवत नसेल. ती म्हणाली, नेबर्स म्हणा. बाईंनी मान हलवली.

मुलाखतीच्या दिवशी परीक्षितने त्यांना गाडीने नेलं. सरकारी इमारत, बॅगा तपासायचं मशीन, मग ओळीने खुर्च्या. त्यांचं नाव पुकारलं, ते भलतंच ऐकू आलं, पण परीक्षितने कोपराने ढोसलं. त्या उठल्या. दार मागे बंद झालं.

अधिकारी चाळिशीचा, टक्कल पडलेला, नजर स्क्रीनवर. त्याने त्यांना उजवा हात वर करायला लावून खरं सांगायची शपथ दिली. नाव, पत्ता, जन्मतारीख. मग एक वाक्य वाचायला दिलं, एक लिहायला. देशाच्या इतिहासाचे प्रश्न. सगळं जमलं. मग तो भराभर फॉर्ममधले प्रश्न वाचायला लागला आणि बाई नो, नो म्हणत गेल्या, अगदी मुलाने भरलं होतं तसंच. नो म्हणणं किती सोपं असतं! आणखी एक नो म्हटलं की संपलं, चहा, घर, आरोही.

तो म्हणाला, “हॅव यू एव्हर बीन अरेस्टेड ऑर डिटेन्ड बाय एनी पोलीस ऑफिसर?”

टेबलाची कड धरून त्या म्हणाल्या, “सर, ऑन फॉर्म, मिस्टेक. आन्सर इज येस.”

त्याची बोटं थांबली. “एक्सप्लेन, प्लीज.”

त्यांनी सांगितलं. पाऊस नाही, अकरा दिवस पाणी नाही, हंडे, पत्र्याची शेड, चहा. कोर्ट नाही, दंड नाही. तो टाइप करत होता. किती टाइप करत होता! एवढ्याशा गोष्टीला एवढं काय लिहायचं असतं? मग स्क्रीनवरची नजर न काढता त्याने विचारलं, “वॉज एनीवन विथ यू?”

नेबर्स. एक शब्द. तोंडात तयार होता. पण हात वर करून शपथही घेऊन झाली होती. मनात एकनाथरावांचा पांढराफटक चेहरा आला, बाहेर खुर्चीवर बसलेला पोरगा आला. बाईंना रडू फुटायला लागलं.

“नेबर्स,” त्या म्हणाल्या. “फोर्टी लेडीज. अँड माय सन. ही वॉज टू इयर्स. आय कॅरी हिम.” आणि मग, ज्ञानदाने कधी न शिकवलेलं, त्यांचं त्यांनीच जुळवलेलं वाक्य त्यांच्या तोंडून आलं. “ही डिड नथिंग, सर. ओन्ली आय डिड.”

अधिकाऱ्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाला की दोन वर्षांच्या मुलाबद्दल त्याला काही लिहायचं नाही. त्याने दुरुस्ती दाखवली, खाली सही घेतली आणि एक कागद दिला. इंग्रजीत पास, इतिहासात पास. पण त्याखाली दुसऱ्या चौकोनात खूण होती. निर्णय आत्ता देता येत नाही, पत्राने कळवू.

बाहेर परीक्षितने तो कागद तीनदा वाचला. “म्हणजे काय आता?”

“म्हणजे थांबायचं. पत्र येईल.”

“तू सांगितलंस?”

“सांगितलं.”

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर परीक्षितने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले, पण गाडी सुरू केली नाही. सुमित्राबाईंनी पदराने चेहरा पुसला आणि राहिलेलं अर्धंही सांगून टाकलं. कडेवर तू होतास. गाडीत तू होतास. हवालदाराने तुझं नाव लिहिलं. त्याच्याच बशीतला चहा प्यालास, आणि घरी येईपर्यंत झोपून गेलास.

परीक्षितचा चेहरा हळूहळू उतरला. “आई, मी पण माझ्या फॉर्मवर नो लिहिलंय,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. “मला माहीतच नव्हतं गं. कुणी विचारलं तर?”

एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, पण उत्तरासाठी आईकडेच बघत होता. सुमित्राबाईंनी त्याचा हात स्टीअरिंगवरून काढून आपल्या मांडीवर घेतला.

“कुणी विचारलं तर सांग, आईला विचारा. मी येईन आणि सांगेन. इंग्लिशमध्ये.”